माणसाला देव कधी आठवला?

सर्वपित्री अमावास्या होती. माझ्या ताईचं बिऱ्हाड गिरगावात, एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. मी राहतो परळला, पण त्या दिवशी जेवायला तिकडेच होतो. गॅलरीच्या कठड्यावर ओळीनं केळीची पानं मांडलेली. भात, वरण, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. आणि कावळे? त्यांचा त्या दिवशीचा थाट काही विचारू नका! एरवी पावाच्या तुकड्यासाठी भांडणारे कावळे समोरच्या माडावर ऐटीत बसून होते. पोटं तुडुंब भरलेली ना! इकडे माणसं उपाशीपोटी हात जोडून उभी.

ताईच्या सासूबाईंनीही एक पान वाढलं होतं. माझ्या भाचीचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. पानावर त्यांच्या आवडीची अळूवडी होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, कावळा काही शिवेना. आजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या.

भाची सातवीत आहे. तिनं हळूच माझा शर्ट ओढला आणि मला गॅलरीच्या टोकाला नेलं.

"मामा, आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणतो, पूर्वीची माणसं अडाणी आणि भित्री होती. वीज कडाडली की घाबरायची, म्हणून त्यांनी देव तयार केले. खरं का?"

"का गं?"

"मग आजी पण अडाणी का?"

मी चटकन उत्तर दिलं नाही. तिचा प्रश्न साधा नव्हता. 'हो' म्हणावं तर आजीचा अपमान, 'नाही' म्हणून गप्प बसवावं तर प्रश्नाचा अपमान. तेवढ्यात एक कावळा आला, वडा उचलून पळाला आणि सगळे जेवायला बसले. माझी सुटका झाली, पण तात्पुरतीच. दुपारी भाचीनं मला पुन्हा गाठलं. मग तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू या. देव आहे की नाही, हा एक प्रश्न. माणसाच्या मनात देवाची, आत्म्याची, परलोकाची कल्पना कशी रुजली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जमीन खणून मिळत नाही. दुसऱ्याचं थोडंफार मिळतं. आपण दुसऱ्याच्याच मागे लागू या.

विचारांचे सांगाडे नसतात

हाड टिकतं, दगडाचं हत्यार टिकतं, चुलीची राखही टिकते. पण हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं, ते कसं कळणार? लिपी तर फार अलीकडची, फार तर पाच-साडेपाच हजार वर्षांची. त्याआधी लाखो वर्षं माणूस वावरत होता, पण त्याच्या मनातलं लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

मग पुरातत्त्वज्ञ काय करतात? ते माणसानं आपल्या मेलेल्या माणसांचं काय केलं, ते पाहतात. कारण बाकीचे प्राणी सहसा आपल्या मेलेल्यांना पुरत नाहीत, त्यांच्याबरोबर वस्तू ठेवत नाहीत. माणूस ठेवतो.

आफ्रिकेत केनियाच्या किनाऱ्याजवळ 'पांगा या सैदी' नावाची गुहा आहे. तिथं सुमारे ७८ हजार वर्षांपूर्वी पुरलेलं एक मूल सापडलं. वय अडीच ते तीन वर्षं. त्याला उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवलं होतं. हाडांच्या ठेवणीवरून शास्त्रज्ञांनी ताडलं, की त्याला कशात तरी गुंडाळलेलं होतं आणि डोक्याखाली उशीसारखं काहीतरी ठेवलेलं होतं. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं 'म्टोटो'. स्वाहिली भाषेत म्टोटो म्हणजे मूल. २०२१ साली ही बातमी जगभर पसरली.

इस्राएलमधल्या काफ्झे गुहेतलं दफन तर त्याहूनही जुनं, नव्वद हजार वर्षांच्याही मागचं. तिथं बारा-तेरा वर्षांच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलाजवळ हरणाची शिंगं ठेवलेली होती. रशियातल्या सुंगीर या ठिकाणी सुमारे ३४ हजार वर्षांपूर्वीची दोन मुलं डोक्याला डोकं लावून पुरलेली सापडली. त्यांच्या अंगावर मॅमथ हत्तीच्या दातापासून केलेले दहा हजारांच्या आसपास मणी होते. एक मणी घडवायला तासभर लागला असेल असं धरा आणि करा गुणाकार! रोज आठ तास काम केलं, तरी एका माणसाला तीन वर्षांहून जास्त वेळ लागेल. बर्फाळ प्रदेशात, जिथं रोजच्या जेवणाची मारामार, तिथं कुणीतरी एवढे मणी केले आणि मातीत पुरून टाकले!

इथं थोडं सावध राहायला हवं. मूल पुरलं म्हणजे लगेच 'त्यांचा परलोकावर विश्वास होता' असं म्हणता येत नाही. इराकमधल्या शानिदार गुहेत १९६० साली सापडलेल्या एका निअँडरथल माणसाच्या सांगाड्याजवळच्या मातीत पुढे फुलांचे पराग आढळले. झालं! मेलेल्याला फुलं वाहणारा आदिमानव म्हणून तो पुस्तकांतून गाजला. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं, की ते पराग मधमाश्यांनी किंवा बिळं करणाऱ्या प्राण्यांनीही तिथं आणलेले असू शकतात. पुष्कळांना ती गोष्ट सोडवेना, कारण ती गोडच होती. पण गोड आहे म्हणून खरी मानायची नसते.

घोडनदीच्या काठी

"हे सगळं परदेशातलं," भाची म्हणाली. "आपल्याकडे काही नाही?"

आहे तर! आणि फार लांब नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव नावाचं गाव आहे. तिथली एक पांढरीची टेकाडं (जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्याला आपल्याकडे 'पांढर' म्हणतात, बरं का) पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढे पंधरा वर्षं, हंगामामागून हंगाम, खणून काढली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. खाली निघाली इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली वस्ती, म्हणजे आजपासून साडेतीन हजार ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची. ही माणसं जव पिकवायची, गुरं पाळायची, कुडाच्या घरांत राहायची, तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायची आणि चाकावर सुरेख, रंगवलेली भांडी घडवायची.

त्यांच्या घरांच्या जमिनीखाली काय होतं, ठाऊक आहे? त्यांची मेलेली माणसं.

इनामगावात अडीचशेहून अधिक दफनं सापडली आणि त्यातली बहुतेक लहान मुलांची. त्या काळी ना लस, ना औषधं. मुलं फार दगावत. मूल गेलं की दोन मडकी घ्यायची. त्यांत त्या बाळाला ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडायची आणि घरातच जमिनीखाली खड्डा करून ती जोडी आडवी पुरायची. वर पुन्हा माती चोपून, सारवून जमीन सारखी करायची. त्याच जमिनीवर दुसऱ्या दिवशी चूल पेटायची, दुसरी मुलं खेळायची. नेवासे, दायमाबाद इथंही अशीच दफनं मिळाली. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबं गंजलं आणि त्या गंजामुळे मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचा अंश इतकी वर्षं टिकून राहिला!

दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवली की आकार कसा होतो, एकदा स्वयंपाकघरात लोटी-वाटी घेऊन करून पाहा. काही अभ्यासकांना तो आईच्या पोटासारखा वाटतो. बाळ जिथून आलं तिथंच परत ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा जन्माला येईल, असं त्या लोकांना वाटत असेल का? असेलही. पण एवढं मात्र नक्की दिसतं, की बाळाला लांब रानात टाकून यायला कुणाचं मन झालं नाही. त्याला घरातच ठेवलं.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. त्यांना उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवत. जवळ भांडी ठेवत, वाडगी, तोटीची भांडी. आत काही खायला-प्यायला ठेवलं असावं. आणि त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत!

इथं भाचीनं तोंडावर हात ठेवला. "का पण?"

खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तर्क असा, की मेलेला माणूस उठून भूत होऊन भटकू नये, किंवा घर सोडून जाऊ नये, म्हणून. पाहा बरं, म्हणजे काय झालं? मेलेला माणूस उठून चालू शकतो असं त्यांना वाटत होतं. शरीर निपचित पडलं तरी 'तो' कुठंतरी आहे, त्याला भूक लागते, तो ऐकतो, चिडतोही. जेवण ठेवायचं ते मायेनं आणि पाय तोडायचे ते धास्तीनं. दोन्ही गोष्टी एकाच खड्ड्यात, एकाच माणसासाठी! मला विचाराल तर वर्गातल्या त्या मुलाचं अर्धं म्हणणं इथंच खरं ठरतं आणि अर्धं खोटं. धास्ती होतीच. पण ती विजेची नव्हे, आपल्याच माणसाची. आणि धास्तीच्या शेजारी भाकरीचं वाडगंही होतं.

एका घराच्या अंगणात तर चार पायांचा मातीचा मोठा रांजण निघाला. त्यात एक प्रौढ पुरुष, मांडी घातल्यासारखा बसवलेला. त्याची पावलं शाबूत होती. तो वस्तीचा प्रमुख असावा. म्हणजे नियम सगळ्यांना सारखे नसत, ही गंमत तेव्हाही होती.

आणखी एका घरात जमिनीखाली, कोपऱ्यात, कच्च्या मातीची एक झाकणाची पेटी मिळाली. तिच्यासोबत स्त्रीच्या मातीच्या मूर्ती आणि एक बैल. मूर्तींपैकी एकीला डोकंच नाही! ते तुटलेलं नव्हे, मुळातच केलेलं नव्हतं. तिच्या पोटाला एक भोक आणि बैलाच्या पाठीवर एक भोक. काडी घातली की ती बैलावर नीट बसते. ही देवी मुलांना सांभाळणारी, बाळंतपणात पाठीशी उभी राहणारी असावी, असं उत्खनन करणाऱ्यांना वाटलं. ज्या वस्तीत घराघरांत मडक्यांत बाळं पुरलेली, तिथं अशा देवीची आठवण न झाली तरच नवल.

खाडी आणि दर्या

मग भीतीचा काहीच हात नाही का? आहे, पण जरा वेगळ्या तऱ्हेनं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहत होता. तिथले लोक मासे मारायचे दोन ठिकाणी, आतल्या शांत खाजणात आणि बाहेरच्या खुल्या समुद्रात. खाजणात मासे हमखास मिळत आणि धोका नसे. तिथं ते मंत्रतंत्राच्या भानगडीत पडतच नसत. खुल्या समुद्रात जाताना मात्र नाना विधी, नाना मंत्र. जिथं आपलं कसब पुरतं तिथं माणूस कसबावर भागवतो. जिथं कसब संपतं आणि नशीब सुरू होतं, तिथं तो हात जोडतो, असं मालिनोव्स्कीनं मांडलं.

त्यासाठी आपल्याला न्यू गिनीला जायला नको. वरळीच्या नाहीतर कुलाब्याच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला जा. पावसाळ्यात खवळलेल्या दर्याला नारळ द्यायचा, मग होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या. कोळी अडाणी म्हणून हे करतात का? वारा, भरती-ओहोटी, माशांची जागा, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? पण खोल समुद्रात गेलेलं माणूस परत येईपर्यंत घरातल्या बाईनं काय करायचं? ज्या देवीवरून या शहराला मुंबई हे नाव पडलं, ती मुंबादेवीही मूळची कोळ्यांचीच.

आणि हसू नका, हे आपण सगळेच करतो. भारताची मॅच चालू असते, जोडी जमलेली असते. अशा वेळी कुणी खुर्चीवरून उठलं तर घरातले कसे ओरडतात? "ऊठू नकोस, विकेट पडेल!" गणिताच्या पेपरला तेच जुनं पेन नेणारे तुमच्यात किती जण आहेत, सांगा पाहू.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली कबुतरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठरावीक वेळानं आपोआप दाणे मिळत. कबुतरानं काही करो वा न करो. तरी एक कबुतर गोल-गोल फिरायला लागलं, दुसरं डोकं कोपऱ्यात खुपसायला लागलं. दाणे पडले तेव्हा आपण जे करत होतो, त्यामुळेच दाणे पडले अशी त्यांची समजूत झाली असावी, असं स्किनर म्हणाला. पुढच्या शास्त्रज्ञांनी याला हरकत घेतली, हे खरं. दाणे येण्याची चाहूल लागली की कबुतरं अशी हालचाल करतातच, असं त्यांचं म्हणणं. तरीही तो प्रयोग वाचल्यापासून दादरची कबुतरं दिसली, की मला आमच्या घरातली मॅच पाहणारी मंडळी आठवतात.

आणखी एक विचार काही मानसशास्त्रज्ञ मांडतात. रानात गवत सळसळलं. वारा असेल किंवा बिबट्या असेल. वारा असताना बिबट्या समजून पळालात तर फक्त दम लागेल. बिबट्या असताना वारा समजलात तर संपलंच! म्हणून 'तिथं कुणीतरी आहे' असं पटकन मानणारी माणसं जगली, आणि आपण त्यांचीच नातवंडं. ढगात चेहरा दिसणं, अंधारात पाठीमागे कुणीतरी आहे असं वाटणं, हा त्याच सवयीचा वारसा. मुंबईच्या उत्तरेला बोरिवलीच्या जंगलात आजही बिबटे आहेत आणि त्या भागातले वारली लोक वाघोबाला देव मानतात. जंगलातली ती सळसळ तिथं खरीच असते.

चाळीच्या तोंडाशी असलेला दगड

परळला आमच्या चाळीच्या तोंडाशी पिंपळाखाली एक शेंदूर फासलेला दगड आहे. तो कुणी ठेवला, कुणाला माहीत नाही. गिरणीत कामाला आलेल्या कुणीतरी गावाकडची देवी म्हणून मांडला असेल. शेजारचे आजोबा रोज त्याला फूल वाहतात. दगडाला डोळे नाहीत, हात नाहीत. मी लहानपणी विचारायचो, याला देव कसं म्हणायचं?

उत्तराचा एक तुकडा मला बाघोरला सापडला, म्हणजे पुस्तकात सापडला. मध्य प्रदेशातल्या सिधी जिल्ह्यात, सोन नदीच्या खोऱ्यात, बाघोर नावाची जागा आहे. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथं खणताना दगडगोट्यांचा एक गोल ओटा मिळाला. ओट्यावर एका त्रिकोणी दगडाचे तुकडे. जोडल्यावर तो दगड जेमतेम पंधरा सेंटिमीटर उंच भरला. त्यावर निसर्गतःच पिवळसर-तांबडे, एकात एक त्रिकोण उमटलेले. वय दहा-अकरा हजार वर्षं! तेव्हा शेतीसुद्धा तिथं नव्हती. हा काय प्रकार, म्हणून शास्त्रज्ञ विचारात पडले. पण त्या भागात राहणाऱ्या कोल आणि बैगा लोकांना कोडं पडलं नाही. अगदी असेच दगड, असेच ओटे त्यांच्याकडे आजही देवीचे म्हणून पुजले जातात.

आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी असाच शोध पुण्याच्या आसपास पायी हिंडून घेतला होता. कोसंबी गणिती. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामाला यायचे आणि सुटीच्या दिवशी हातात काठी घेऊन टेकड्या तुडवायचे. गावाबाहेरच्या देवीच्या ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगातली दगडाची बारीक-बारीक हत्यारं सापडायची. गाव वसण्याच्या कितीतरी आधी भटके लोक ज्या वाटांनी जात, त्या वाटा जिथं मिळत, तिथंच ही ठाणी आहेत, असं त्यांनी १९६२ साली आपल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या पुस्तकात मांडलं.

देवी आल्या

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना. ताईच्या घरी कोपऱ्यात माती पसरली, वर मडकं ठेवलं, धान्य पेरलं. भाची त्या मडक्याकडे जरा वेळ बघत राहिली. काय आठवलं असेल, ते तुम्हाला कळलंच.

संध्याकाळी मी तिला आणि आजीला घेऊन माहीमला शीतलादेवीच्या देवळात गेलो. नवरात्रातली गर्दी. रांगेत उभं असताना आजींनी बाही वर केली आणि दंडावरचा नाण्याएवढा खड्डा नातीला दाखवला. "हे काय सांग." भाचीला सांगता येईना. तुम्हाला येईल? तुमच्याही आजी-आजोबांच्या दंडावर पाहा.

पूर्वी एक भयंकर रोग होता. ताप यायचा, अंगभर फोड उठायचे. कितीतरी मुलं मरायची, वाचलेल्यांच्या तोंडावर व्रण राहायचे, काहींचे डोळे जायचे. या रोगाला मराठीत नावच मुळी 'देवी'. रोग झाला असं म्हणायचं नाही, 'देवी आल्या' म्हणायचं! तापानं फणफणलेल्या अंगाला गारवा देणारी म्हणून शीतला. घरी कडुलिंबाचे डहाळे लावायचे, आवाज करायचा नाही, देवीचा कोप होईल असं वागायचं नाही.

का बरं रोगाला देवी म्हणावं? विचार करा. उशाशी बसलेल्या आईच्या हातात काहीच नाही. रोगाला ऐकू येत नाही, त्याच्याशी भांडताही येत नाही. देवीशी बोलता येतं. तिला नवस बोलता येतो, रागावता येतं, हातापाया पडता येतं. मूल वाचलं तर तिचे उपकार मानता येतात.

मग लस आली. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. गंमत म्हणजे लस टोचण्यालाही लोक 'देवी काढणं' म्हणू लागले. सगळे मात्र तयार नव्हते. देवीचा कोप होईल म्हणून काहींनी मुलांना लपवून ठेवलं आणि त्याची किंमत त्या मुलांनी मोजली, हेही सांगायला हवं. भारतात हा रोग १९७५ साली संपला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो जगातूनच नाहीसा झाल्याचं जाहीर केलं.

"मग आता रोग नाही, तर लोक इथं का येतात?" भाचीनं विचारलं.

आमच्या पुढे एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती. तिनं बाळाचं कपाळ उंबऱ्याला टेकवलं. ते बाळ जोरात रडायला लागलं आणि रांगेतले चार-पाच अनोळखी लोक एकदम त्याला चुटक्या वाजवून हसवायला लागले. मी भाचीला म्हटलं, "तूच बघ."

एमिल दुरखाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९१२ सालीच लिहिलं होतं, की माणसं एकत्र जमतात, एका तालावर नाचतात, तेव्हा आपल्याहून मोठं काहीतरी इथं आहे असं त्यांना खरोखर वाटतं आणि धर्माचं मूळ तिथं आहे. लालबागला विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशात सापडलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपे इथं सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी शिकारी लोकांनी दोन माणसं उंच दगडी खांब उभारले, त्यांवर कोल्हे, साप, गिधाडं कोरली. क्रेन नाही, चाक नाही, शेतीही नाही! तेवढी माणसं एकत्र आल्याशिवाय तो खांब जागचा हललाही नसता.

उशी

परतताना गाडीत भाचीनं आजीलाच विचारून टाकलं, "आजी, तो कावळा म्हणजे खरंच आजोबा होते का गं?"

मला घाम फुटला. आजी मात्र हसल्या. "अगं, कावळा तो कावळाच. मला काय कळत नाही? पण अळूवडी करायला घेतली की ते शेजारी उभे राहून 'चिंच जास्त घाल' म्हणायचे, ते आठवतं. वर्षातून एक दिवस त्यांच्या वाटणीचं करायला मिळतं, ते कशाला सोडू?"

मग तिनं आजीला इनामगावच्या मडक्यांची सगळी हकिकत सांगितली. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मरीन लाइन्सची वेळ नव्हती, आमचं चर्नी रोड आलं. उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "मोठ्या माणसांचं डोकं उत्तरेला, म्हणालीस?"

"हो."

"म्हणजे पाय दक्षिणेला."

आता, दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, ती यमाची दिशा, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. इनामगावचा आणि या सांगण्याचा काही संबंध आहे का? मधल्या तीन हजार वर्षांत किती लोक आले-गेले, किती चालीरीती बदलल्या. नुसती दिशा जुळली म्हणून धागा जोडता येत नाही. हे मी दोघींना जिन्यातच सांगितलं आणि दोघींनी मान डोलावली.

रात्री गाद्या घातल्या. दिवा मालवायच्या आधी भाचीनं विचारलं, "मामा, आपल्या खोलीत दक्षिण कुठली?"

मी म्हटलं, "चर्चगेटला जाणारी गाडी जिकडे जाते, साधारण तिकडे."

तिनं कान देऊन ऐकलं. खालून एक गाडी गेली. मग तिनं उठून आपली उशी उचलली आणि गादीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. आजी पलीकडे जाग्याच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तिच्या अंगावरची चादर दुसऱ्या बाजूनं ओढून सारखी केली.